‘दिवसभर’ पुरणारी बॅटरी

लॅपटॉपच्या बॅगेतून कांदा निघाला आणि आमच्या प्रशासकांचा, गुल्हाने सरांचा आवाज चढला.

“इंगळे, हे काय आहे?”

“कांदा आहे सर.”

“ते मलाही दिसतंय. नव्या कोऱ्या लॅपटॉपच्या बॅगेत तो काय करतोय?”

मी शीलाताईंकडे पाहिलं. शीलाताई वानखडे आमच्या नेत्र रुग्णालयाच्या कॅम्प को-ऑर्डिनेटर. बावीस वर्षं गावोगाव फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांचे मोतीबिंदू शोधायचे, हे त्यांचं काम. त्या शांतपणे म्हणाल्या, “ऊन लागू नये म्हून ठेवला सर. मले. लॅपटॉपले नाई.”

गुल्हाने सरांनी कांदा उचलून टेबलावर ठेवला. खुनाच्या खटल्यात सुरा ठेवतात तसा. कांद्याशेजारी त्याच बॅगेतून निघालेला डबा, पाण्याची बाटली, थेंबांच्या औषधाचं खोकं आणि ओला दुपट्टा. “बघा,” ते मला म्हणाले, “आता कळलं ना, हिच्याकडे बॅटरी का टिकत नाही?”

कांद्याचा आणि बॅटरीचा संबंध मला इंजिनिअरिंगला कोणी शिकवला नव्हता. पण मी मान डोलावली. नोकरीत मान डोलावण्याचे पैसे वेगळे मिळत नाहीत, तरी लोक ते काम मन लावून करतात. मीही केलं.

आधी थोडं मागचं सांगतो. मी या धर्मादाय रुग्णालयात संगणक विभाग प्रमुख होतो. विभागात मी एकटाच, त्यामुळे प्रमुखही मीच. रुग्णालय अमरावतीत, राजापेठेपासून जवळच, आणि कॅम्प अमरावती-अकोला दोन्ही जिल्ह्यांतल्या गावांत. गावात डोळे तपासायचे, ज्यांना ऑपरेशन हवं त्यांची यादी संध्याकाळी साडेचारपर्यंत रुग्णालयात पोचवायची, दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बस त्यांना आणायला जाते. यादीत नाव नाही तर बसमध्ये जागा नाही. मग पुढच्या कॅम्पपर्यंत धुरकट दुनिया बघत बसायचं, आणि पुढचा कॅम्प तीन महिन्यांनी.

ही यादी वर्षानुवर्षं लाल बाइंडिंगच्या रजिस्टरवर व्हायची. मग आमचं रुग्णालय ‘पेपरलेस’ करायचं ठरलं. ठरावाच्या अकरा झेरॉक्स निघाल्या.

गुल्हाने सर मूळचे वरुडकडचे, पण पंधरा वर्षं पुण्यात नोकरी करून आलेले. त्यामुळे ‘मले’, ‘तुले’ विसरले होते. फार चिडले तरच आठवायचं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, “इंगळे, लॅपटॉप, टॅब आणि ते हँडहेल्ड, तिन्हींची तुलना करा. अगदी निष्पक्ष. मंगळवारपर्यंत तक्ता द्या. आणि दोन लॅपटॉपची ऑर्डर आजच टाका.”

“तक्ता व्हायच्या आधी?”

“तक्त्यात लॅपटॉपच येणार ना! हातात टॅब घेतलेला माणूस कारकून वाटतो. लॅपटॉप उघडला की डॉक्टर वाटतो.”

इतक्या निष्पक्ष वातावरणात मी कामाला लागलो.

हँडहेल्ड म्हणजे काय, ते सांगतो. कुरिअरवाला दारात येऊन ज्यावर आपली सही घेतो ते जाडजूड, काळं, दिसायला मोबाईलच्या मोठ्या भावासारखं यंत्र. पडलं तरी फुटत नाही. टॅब तर घरोघरी आहेच, पोरं त्यावर कार्टून बघतात. आणि लॅपटॉप सर्वांना ठाऊक.

बॅटरीचं गणितही सोपं आहे. बॅटरी म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी. टाकी मोठी की छोटी, एवढंच लोक विचारतात. नळ किती उघडे आहेत हे कोणी विचारत नाही. स्क्रीनचा उजेड हा एक नळ, इंटरनेट दुसरा, आतला पंखा तिसरा. कंपनी पत्रकात बॅटरीचे तास छापते ते सगळे नळ जवळपास बंद ठेवून, गार खोलीत मोजलेले. मीही तसंच मोजलं. माझ्या केबिनमध्ये ए.सी. लावून लॅपटॉप आठ तास चालला. टॅब नऊ, हँडहेल्ड अकरा. आठ तास म्हणजे ऑफिसचा दिवस. तक्ता झाला, सर खूश झाले.

मग ट्रायल. एक लॅपटॉप अकोल्याच्या टीमला, एक शीलाताईंना. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच दिवशी आलेले, एकच सॉफ्टवेअर. रोजच्या रोज भरायला मी एक फॉर्म बनवला. त्यात पाच प्रश्न होते आणि तिसरा असा: ‘बॅटरी दिवसभर पुरते का? हो / नाही.’ मला त्या फॉर्मचा अभिमान होता. सुटसुटीत, एका पानाचा, खाली सहीला जागा.

महिनाभराने फॉर्म आले. अकोल्याचा प्रमोद खंडारे रोज लिहीत होता, हो. शीलाताई रोज लिहीत होत्या, नाही.

मशीन सारखं, काम सारखं, उत्तर उलटं. आता दोष कोणाचा? सरांना तपासायचीही गरज वाटली नाही. बॅग मागवली, कांदा सापडला, केस संपली. शीलाताईंना कॅम्पवरून काढून केसपेपरच्या काउंटरवर बसवायचं, त्यांच्या जागी लॅपटॉप हाताळता येणारं कोणीतरी पाठवायचं. बदलीचं पत्र टाइप झालं. सोमवारच्या संचालक मंडळाच्या बैठकीत ते मंजूर होणार होतं. त्यासोबत माझा अहवाल जोडला होता आणि अहवालात माझ्या हाताने एक शेरा होता: ‘वापरकर्त्याकडून यंत्राची योग्य हाताळणी होत नसावी.’

‘नसावी’ हा शब्द फार सोयीचा आहे. आरोपही होतो आणि पुराव्याचा त्रासही नाही. पण खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं होतं. पन्नाशीच्या पुढची बाई, रजिस्टरवर हात बसलेला. काहीतरी चुकीचं दाबत असेल, रात्री चार्जिंगला लावायला विसरत असेल. मी एकदाही विचारलं नाही.

त्या दिवशी कांद्याचा पंचनामा झाल्यावर शीलाताई माझ्या केबिनमध्ये आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

“साहेब, काउंटरवर कोन येते?”

“पेशंट येतात.”

“जो येऊ शकते तो येते. ज्याले दिसतच नाई, ज्याले आनाले कोनी नाई, तो कसा येईन? त्याच्यासाठी तं मी जातो. बावीस वर्षं झाले. आता त्या डब्ब्यापायी मले खिडकीत बसवून राहिले तुमी?”

बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. मला ओशाळल्यासारखं झालं, आणि ओशाळलेला माणूस करतो तेच मी केलं, तांत्रिक बोललो. “ताई, खंडारेंची बॅटरी कशी पुरते ते बघून येतो. त्यांची काही ट्रिक असेल तर तुम्हाला शिकवतो. सोमवारच्या आत.”

“ट्रिक पाहून या,” त्या म्हणाल्या. “मंग एक दिवस माह्यासंगंही चाला.”

गुरुवारी मी पहाटे अकोल्याला निघालो. मे महिना होता. उन्हाच्या बाबतीत आपण अमरावतीच्या पुढे आहोत, याचा अकोलेकरांना मनापासून अभिमान असतो. सकाळी साडेसहाला बार्शीटाकळीकडच्या एका गावात समाजमंदिरात कॅम्प सुरू झाला. मजुरीला जाणारी माणसं शेतावर जायच्या आधी डोळे दाखवून जात होती. खंडारे चटपटीत माणूस. इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉप टेबलावर, बोटं भराभर. मी शेजारी वही घेऊन बसलो, ट्रिक पकडायला.

दहाच्या पुढे गर्दी आटली. अकरा वाजता खंडारेने यादी पाठवली, लॅपटॉप मिटला आणि बॅग खांद्याला लावली. मिटण्याआधी मला स्क्रीन दाखवली. बॅटरी बावीस टक्के.

“पा साहेब! दिवसभर पुरली.”

मी घड्याळ बघितलं. “आता कुठे?”

“आता कुठी? घरी. कूलरसमोर.”

“आणि दुपारचे पेशंट?”

“दुपारी कोन येते साहेब अकोल्यात? रस्त्यावर कुत्रं दिसत नाई.”

“मग फॉर्मवर रोज लिहिता ते? बॅटरी दिवसभर पुरते म्हणून?”

खंडारे माझ्याकडे बघतच राहिला. मी काहीतरी भलतंच विचारलंय असा त्याचा चेहरा. “खरंच तं लिहितो. उन्हायात दिवस अकरालेच सरते ना साहेब. तुमच्या ए.सी.त नसंन सरत.”

बिचारा एक अक्षर खोटं बोलत नव्हता. आमच्याकडे उन्हाळ्यात अकराला दारं लागतात, ती पाचला उघडतात. मधल्या वेळेला कोणी दिवस म्हणतच नाही. मी जन्मापासून वऱ्हाडातला. माझी आईसुद्धा मे महिन्यात अकरा वाजता ‘झाला बाप्पा दिवस’ म्हणून पडदे ओढायची. आणि मी नऊ ते सहा ए.सी.त बसून फॉर्मवर ‘दिवसभर’ लिहिलं होतं, सहीला जागा सोडून.

परतीच्या गाडीत मी हिशेब केला. खंडारेचा दिवस साडेचार तासांचा. त्याच्या साडेचार तासांतही टाकी तळाला गेली होती. मग शीलाताईंचा दिवस किती तासांचा? ते मला माहीतच नव्हतं. बावीस वर्षं ती बाई ज्या रुग्णालयात काम करत होती, तिथल्या कोणालाच ते माहीत नव्हतं.

शुक्रवारी मी त्यांच्यासोबत गाडीत बसलो. माझ्या पिशवीत टॅब होता आणि हँडहेल्डही. रिद्धपूर मागे टाकून मोर्शीच्या बाजूला एका गावात थांबलो. शाळेला सुट्टी, खोल्यांना कुलूप, म्हणून कॅम्प व्हरांड्यात. व्हरांड्यात चार्जिंगला एक बोर्ड होता. बोर्डावर बटन होतं. बटनामागे वीज नव्हती.

सकाळी साडेसहाला मजूर आले, साडेआठला गेले. मग बराच वेळ कोणीच नाही. मी म्हणालो, “ताई, झालं का मग?”

“झालं कसं? माळ्यांच्या घरचे तं आलेच नाई अजून.”

या गावात मोगरा आणि भाजीपाला. पहाटे कळ्या तोडायच्या, भाजी काढायची, घरचा एक जण माल घेऊन अमरावतीच्या मार्केटला जाणार. तो परत येईस्तोवर अकरा-साडेअकरा. तेव्हा कुठे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून आणायला कोणी मोकळं होतं. म्हणजे ज्यांना खरंच दिसत नव्हतं ते सगळे बाराच्या पुढे येणार. खंडारेचा दिवस संपतो तिथे शीलाताईंचा सुरू होत होता.

आणि लॅपटॉपची अवस्था? व्हरांड्यावर ऊन तिरपं येत होतं, स्क्रीनवर आमचेच चेहरे दिसत होते. उजेड पूर्ण वाढवला, एक नळ सुटला. इंटरनेटसाठी मोबाईलचा हॉटस्पॉट, दुसरा नळ. आतला पंखा विमानासारखा घरघरत होता, तिसरा. सव्वाअकराला बॅटरी नऊ टक्के, आणि साडेअकराच्या आत स्क्रीन काळी. बॅटरी संपायच्याही आधी. याला थर्मल शटडाउन म्हणतात. मशीन फार तापलं की जळू नये म्हणून स्वतःच बंद पडतं. थोडक्यात, लॅपटॉपसुद्धा अकराला दारं लावून कूलरसमोर जायच्या मताचा होता.

शीलाताईंनी जराही कुरकुर न करता तो मिटला, ओल्या दुपट्ट्यात गुंडाळला आणि सतरंजीच्या घडीखालून एक वस्तू काढली. लाल बाइंडिंगचं रजिस्टर.

“ताई, हे तर बंद झालंय ना?”

“तुमच्याकडं झालं असंन.”

बारा वाजल्यापासून चार वाजेपर्यंत त्यांनी एकोणीस नावं लिहिली. घाम पुसत, पाणी पाजत, एकेकीला ‘आजी, वर पा, आता खाली पा’ करत. चार वाजता मोबाईल काढला, वॉर्डातल्या सिस्टरला फोन लावला आणि एक एक नाव, वय, उजवा डोळा की डावा, सगळं सांगितलं. सिस्टरने तिकडे आमच्या कॉम्प्युटरवर टाइप केलं. सव्वाचारला यादी पूर्ण.

महिनाभर हे रोज असंच चाललं होतं. एकाही म्हातारीची बस चुकली नव्हती. माझ्या सिस्टिममध्ये रोज चार वाजता वॉर्डाच्या लॉगिनवरून पंधरा-वीस नावं येत होती आणि मी, संगणक विभाग प्रमुख, ते एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटली. तशी ती वाटायला उशीरच झाला होता.

“ताई, हे फॉर्मवर का नाही लिहिलं?”

“तुमी इचारलं, बॅटरी पुरते का. मी लिवलं, नाई. मानूस पुरते का, हे तुमी इचारलंच नाई.”

मी पिशवीतून आणलेल्या दोन यंत्रांकडे वळलो. निदान तेवढं तरी धड करावं म्हणून. दुपारपासूनच त्यांच्या बाजूला बसून मी दोन्हींवर तीच नावं टाकून बघत होतो. टॅबने तासाभरात ‘तापमान जास्त आहे, थंड होऊ द्या’ असा निरोप दिला. सावलीत नेला, पॉवर बँक लावली, मग जरा शुद्धीवर आला. दवाखान्यात नातेवाइकांना मोतीबिंदूचं चित्र दाखवायला तो उत्तम, व्हरांड्यात लाडावलेल्या जावयासारखा. हँडहेल्ड मात्र तापलं तरी चालत होतं. उन्हात अक्षरं दिसत होती. बॅटरी संपत आली की मागचं झाकण काढून दुसरी बसवायची, दोन मिनिटांचं काम.

एकच गोम होती. अक्षरं मुंगीएवढी. शीलाताईंनी ते हात लांब करून धरलं, जवळ आणलं, पुन्हा लांब केलं.

“डोयाच्या दवाखान्याचं मशीन, अन् वाचाले आपल्यालेच ऑपरेशन लागन!”

मी सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं मोठी केली. तिसऱ्या नावापर्यंत त्यांचा हात बसला. एक आजी म्हणाल्या, “अवं शीला, कुरेरचं काम धरलं का तू?” सगळा व्हरांडा हसला.

शनिवार-रविवार बसून मी अहवाल पुन्हा लिहिला. सोमवारी बैठकीत वाचून दाखवला.

गुल्हाने सरांनी मधेच थांबवलं. “म्हणजे बॅटरी खराब नाही?”

“नाही सर. लॅपटॉप टेबलावर, प्लगजवळ उत्तम आहे. मोठे रिपोर्ट त्याच्यावरच करावेत.”

“आणि शीलाबाईंचीही चूक नाही?”

“नाही.”

“मग चुकलं काय?”

“माझा फॉर्म. मी ‘दिवसभर’ विचारलं. खंडारेंचा दिवस साडेचार तासांचा आणि शीलाताईंचा साडेनऊ. तास विचारायला हवे होते.”

टेबलाच्या टोकाला आमच्या ज्येष्ठ डॉक्टर मॅडम बसल्या होत्या. त्या हसू दाबायला पाण्याचा ग्लास तोंडाला लावून बसल्या. सरांचा चेहरा लाल झाला. “अन् हे तुमी मले आता सांगून राहिले?” ते ओरडले. पंधरा वर्षांचं पुणं एका वाक्यात उतरलं.

“मलाच शुक्रवारी कळलं सर.”

सरांनी बदलीच्या पत्रावर ‘प्रलंबित’ लिहिलं. ‘प्रलंबित’ म्हणजे आज नाही, तुमचं लक्ष नसेल तेव्हा. मी बसलो नाही. “सर, ‘रद्द’ लिहा.”

“इंगळे, मग चुकीचा अहवाल दिल्याबद्दल तुम्हाला मेमो द्यावा लागेल. कोणावर तरी जबाबदारी नको का?”

“द्या.”

त्यांनी डॉक्टर मॅडमकडे बघितलं. मॅडम ग्लास खाली ठेवून म्हणाल्या, “लिहा ना ‘रद्द’. मेमो घ्यायला ते तयार आहेत.” सरांनी ‘प्रलंबित’ खोडून ‘रद्द’ लिहिलं. कॅम्पसाठी हँडहेल्ड मंजूर झाली, प्रत्येकासोबत दोन जादा बॅटऱ्या. दोन्ही लॅपटॉप प्रशासकीय कामासाठी गुल्हाने सरांच्या केबिनमध्ये गेले, जिथे त्यांचे चार्जर कधी काढले गेले नाहीत. मेमो मला त्याच संध्याकाळी मिळाला. आमच्याकडे एवढं तत्पर काम दुसरं कुठलंच होत नसे.

आता मी निवृत्त आहे. सोसायटीतले लोक विचारतात, लॅपटॉप घेऊ की टॅब, बॅटरी कोणाची चांगली. मी आधी विचारतो, तुमचा दिवस किती वाजता सुरू होतो, किती वाजता संपतो आणि तुम्ही बसता कुठे. त्यांना वाटतं मी पत्रिका बघतोय. पण पत्रकावरच्या तासांपेक्षा या तीन उत्तरांनी जास्त लोकांचे पैसे वाचले आहेत.

त्या सोमवारी बैठक संपल्यावर मी खाली गेलो. शीलाताई कॅम्पच्या गाडीत सामान चढवत होत्या. मी त्यांना नव्या अहवालाची प्रत दिली आणि शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. ‘पूर्वीच्या अहवालातील शेऱ्याबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.’ मला वाटलं, त्या खूश होतील.

त्यांनी पूर्ण वाचलं. “हे कोनाले लिवलं?”

“संचालक मंडळाला.”

“अन् शेरा कोनावर मारला होता?”

“तुमच्यावर.”

“मंग माफी फाईलीले काहून मांगता?”

ड्रायव्हर आरशातून बघत होता. गाडीतली नर्स बघत होती. अहवालात दिलगिरी लिहिणं फार सोपं असतं, समोर कोणी उभं नसतं. मी म्हणालो, “शीलाताई, माझं चुकलं. न बघता मी तुमच्याबद्दल लिहिलं.”

दुसरं कोणी असतं तर ‘अहो, असू द्या’ म्हणालं असतं.

“हौ, चुकलंच,” शीलाताई म्हणाल्या, आणि ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली.